नळ आणि पाटी एकाच फोटोत

सुनेत्रा केतकरच्या हाताखालून अर्धवट कागद पुढे गेला, असं कधी झालं नाही. पुण्यात इंजिनिअरिंग, मेलबर्नला मास्टर्स, ग्लेन वेव्हर्लीत घर, आणि बारा वर्षं एकच काम. ऑस्ट्रेलिया सरकारच्या मदतीतून परदेशात जे बांधलं जातं ते खरंच उभं राहिलं का, याची घरबसल्या खातरजमा करायची. कंपनी खासगी, ठेका सरकारी. साइटवरच्या लोकांना तिचा धाक होता आणि तिला त्या धाकाचा अभिमान. माझ्या मते जरा जास्तच.

गाझातला एक पाण्याचा पंप हल्ल्यांत दोनदा उडाला आणि दोनदा दुरुस्त झाला. दुसऱ्या खेपेला खोदताना मजुरांना मातीत एक हात सापडला, अंगठीसकट. तिथल्या इंजिनिअरने, नबीलने, हे सांगितलं तेव्हा सुनेत्राने ते ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फोटो पाठवा. हाताचा नको, पाइपचा." ती निर्दय नव्हती. रोज तेच ऐकून माणूस असा होतो.

ऑस्ट्रेलियाचं आर्थिक वर्ष तीस जूनला संपतं, त्याच्या आत अहवाल जायचा होता. पंप सुरू झाला, बायका बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. नबीलने नळाचा एक फोटो पाठवला आणि सरकारी मदतीच्या पाटीचा दुसरा. सुनेत्राला दोन्ही एकाच फोटोत हवे होते. ही अट सरकारची नव्हती. पूर्वी एका ठेकेदाराने भलत्याच गावची पाटी दाखवून तिला गंडवलं होतं, तेव्हापासून ही अट तिने स्वतःच घातली होती.

नबील तोवर घरी पोचला होता. तिने फोन केला.

"उद्या चालेल का, मॅडम? सकाळपासून डोक्यावर ड्रोन घिरट्या घालतायत."

"आजच झालं तर बरं."

तो परत गेला आणि त्याने व्हिडिओ कॉल लावला. नेहमीसारखा तो रेकॉर्ड होत होता. स्क्रीनवर नळ पूर्ण, पाटी अर्धी.

"थोडं डावीकडे," सुनेत्रा म्हणाली. "अजून थोडं."

मग कानठळ्या बसवणारा आवाज. फोन उडून आडवा पडला, पण कॉल तुटला नाही. धूळ खाली बसली तशा चेपलेल्या बादल्या दिसल्या, त्यांच्यामध्ये बायका पडलेल्या, एकीला चेहराच उरला नव्हता. नबीलचा पाय बुटासकट नळाशी होता आणि नबील भिंतीशी. तो चार मिनिटं ओरडला. नळ चालूच होता, पाणी रक्त घेऊन कॅमेऱ्यापर्यंत आलं. सुनेत्रा त्याला हाका मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. "त्याच्या मृत्यूच्या फॉर्मवर, तो तिथे का गेला त्या रकान्यात, रूटीन व्हिजिट लिही. बाकी मी बघतो, नो वरीज."

नवरा हृषीकेशही त्याच सुरात म्हणाला. "त्याच्या बायकोला तू फोन करू नकोस. लीगलवाले करतील ना."

"लीगलवाल्यांनी थोडंच त्याला डावीकडे सरकवलं?" ती म्हणाली आणि तिने नंबर लावला.

नबीलची बायको रीम शाळेत इंग्रजी शिकवायची. रडून तिचा घसा बसला होता. "तो जेवायला बसला होता," ती म्हणाली. "पानावरून उठून का गेला, हे मला कुणीच सांगत नाही."

रूटीन व्हिजिट हे शब्द सुनेत्राच्या अगदी ओठांवर आले. तिला भीती वाटली आणि त्या भीतीची लाज वाटली.

"मी पाठवलं म्हणून," ती म्हणाली. "मला फोटो हवा होता. ते उद्या म्हणत होते, मी आज म्हटलं. उभं कुठे राहायचं तेही मीच सांगितलं."

मग रीमने विचारलं, "फोटो मिळाला?"

"व्हिडिओ आहे."

"त्यात तो दिसतो?"

कॅमेरा नबीलच्या हातात होता. तो दिसत होता फक्त शेवटची चार मिनिटं.

"दिसतात," सुनेत्रा म्हणाली. "पण तुम्ही पाहू नका."

"तुम्ही पाहिलंत ना?" रीम म्हणाली. "मी बायको आहे त्याची. पाठवा."