सरकारदरबारी नसलेली मेंढरं

अजिनाथ आठवीत शाळा सोडून मेंढरांमागं गेला, पण लासूर स्टेशनाच्या बाजारात त्याचं बोलणं ऐकलं तर वाटावं, तहसीलदार ह्याला विचारूनच सही करतो. धाकटी बहीण शीला संभाजीनगरला एम.ए. करत होती. भावकीत एवढी शिकलेली ती पहिलीच. मेंढा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी शीलाचं कौतुक ऐकावं लागायचं, मग भाव.

शीलाचा प्रकल्प होता तालुक्यातल्या मेंढपाळांवर. कोणत्या गावात मेंढरं किती, त्यांच्यावर घरं किती जगतात. सरांनी बजावलं होतं, आकडे सरकारीच पायजेत, ऐकीव चालायचे नाय. अजिनाथ म्हणाला, त्यात काय, आपली वळख हाय. आणि तिला मोटारसायकलवर बसवून शहरात घेऊन गेला.

वळख म्हणजे जनावरांच्या सरकारी हापिसातला एक शिपाई. त्याला ईदला मेंढा स्वस्तात दिला होता. तो नेमका रजेवर. टेबलामागचा बाबू कानात काडी घालत म्हणाला, सगळं वेबसाइटवर आहे. त्या वेबसाइटवर शीलानं आठवडाभर नुसतं चाक फिरताना बघितलं होतं. मग बाबूनं दुसऱ्या टेबलाकडं बोट केलं, दुसऱ्यानं वरच्या मजल्याकडं, आणि वरचे साहेब मीटिंगला. जिन्याचा कोपरा थुंकून थुंकून लाल झालेला. अजिनाथनं नाकाला उपरणं लावलं. ह्यापरीस मेंढरांचा वाडा बरा, त्या घाणीचं निदान खत तरी होतं.

शहागंजातल्या झेरॉक्सवाल्यानं तर हद्दच केली. तयार प्रकल्पांची चळत पुढं सरकवून म्हणाला, "भेड का नहीं है. मुर्गी का रेडी है, मुर्गी की जगह भेड डाल देते. आंकडे वही चलते, कौन देखता." आणि तो हसतसुद्धा नव्हता. अजिनाथनं तिथंच त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, तवा शीलानं दंडाला धरून त्याला बाहेर ओढलं.

दुसऱ्या खेपेला शिपाई भेटला. त्यानं धूळ झटकून पशुगणनेचं सरकारी पुस्तक काढून दिलं. गाववार तक्त्यावरून शीलाचं बोट खाली खाली गेलं आणि त्यांच्या गावावर थांबलं. गाई होत्या, म्हशी होत्या, कोंबड्यासुद्धा होत्या. मेंढरांच्या रकान्यात शून्य.

ज्या मेंढरांच्या जिवावर अजिनाथ बाजारात छाती काढून फिरायचा, ती सरकारात जन्मालाच आली नव्हती. गाव येईस्तोवर तो जनावरं मोजायला आलेल्या सरकारी माणसाला शिव्या देत होता. आंधळा असंल, न्हायतर झाडाखाली पडून कागद भरले असतील.

शीला सरांकडं गेली. सर म्हणाले, शून्य म्हणजे शून्य, विषय बदला. सरकारी आकडा चुकलाय म्हणता, तर स्वतः मोजून आणा, घरच्या कर्त्याच्या सहीनिशी. सोमवारपर्यंत. विषय बदलला तर शीलाचं वर्षच जाणार होतं.

तिन्हीसांजेला माय, म्हाळसाबाई, चुलीपुढं भाकरी थापत होती. अजिनाथचं तोंड अजून चालूच होतं. माय वर न बघता म्हणाली, "त्याला कशाला शिव्या घालतो? गुणाचं पोरगं होतं. मीच म्हनलं, मेंढरं नायत."

मोजणारा आला तवा मेंढरं चारायला गोदावरीपल्याड गेलेली, दारात लेंडीसुद्धा नव्हती. मग कशाला सांगा? सगळ्या वस्तीनं तसंच सांगितलं. अजिनाथचा बाप मुंजाबा, त्यानं एकदा दलालापुढं आकडा बोलून दाखवला होता. त्याच साली रोग शिरला आणि निम्मी मेंढरं गेली. "मोजलेलं धन आटतं," माय म्हणाली, आणि भाकरी उलटली.

आता कुणाच्या नावानं थुंकावं ते अजिनाथला कळंना.

"मग तू सांग, दादा," शीला म्हणाली. "किती हायत?"

अजिनाथनं तोंड उघडलं. एकेक मेंढी तो तोंडावरून वळखायचा, कुणाची आई कोण, कुणाचा पाय कवा मोडला. पण आकड्याच्या आधी बापाची गेलेली मेंढरं आठवली.

"लई हायत," तो म्हणाला.

"लई म्हंजी आकडा नव्हं."

तो उठून मेंढरांकडं निघून गेला.

मेंढरं रात्री वाघरीत असतात, म्हणजे खुंट्यांना बांधलेल्या जाळीच्या कुंपणात. रोज सकाळी अजिनाथ सगळी जाळी एका झटक्यात पाडायचा. दुसऱ्या दिवशी त्यानं एकच खुंटी उपटली. मेंढरं एकामागं एक बाहेर यायला लागली. बाभळीला टेकून शीला उभी होती, तिचे ओठ हलत होते. तेवढ्यात माय हंडा घेऊन आली. अजिनाथ तिच्या वाटेत आडवा आला आणि चहात साखरच नव्हती म्हणून भांडण काढलं. साखर होती, चांगली दोन चमचे. माय कमरेवर हात ठेवून त्याच्याशी भांडत राहिली, पाठ मेंढरांकडं. त्यानंही मेंढरांकडं नजर टाकली नाही.

शीलाच्या कागदावर सही करताना त्यानं आकड्यावर तळहात ठेवला.

शीलानं विचारलं, परत मोजणारा आला तर सांगशील का?

अजिनाथला तो लाल जिना आठवला. "त्या जिन्यावरनं उतरून आलेल्याला? त्याला शून्यच लिवू दे," तो म्हणाला, आणि काठी उचलून मेंढरांमागं गेला.