गिरणीवरचा चंद्र

“शेवंताबाई, भर दुपारी चंद्र कुठून आणलात? फोटो खोटा आहे!”

“सर, खोटं करायला मी तुमच्या वर्गात शिकले नाही!”

भांडण असं पेटलेलं. वाचनालयातलं प्रदर्शन उद्यावर, भिंतीवर एकच जागा उरलेली. तिथं माझा अष्टमीचा चंद्र लावायचा की गायकवाड सरांचा पौर्णिमेचा, एवढाच प्रश्न. सर चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. मी नेवाशात पिठाची गिरणी चालवणारी, शाळा चौथीपर्यंत. कॅमेरा पासष्टाव्या वर्षी शिकले, एकेक बटण दाबून. माझा एकही फोटो आजवर कुठल्या भिंतीला लागला नव्हता.

चंद्र टिपणारं आमचं मंडळ तिघांचं: सर, मी आणि लग्नाचे फोटो काढणारा बबन. तीन माणसं एकाच चंद्राकडं बघायला लागली की किस्से पिठासारखे साचतात. कितीही झाडा!

*

माझ्याकडं स्टँड नाही. लांब लेन्स मी ओट्यावरच्या ज्वारीच्या गोणीवर टेकवते. गोणी हलत नाही. एकदा कॅमेऱ्याचं शटर उघडं असतानाच गोणीचा मालक आला आणि, “मावशी, दळान राहू द्या आज,” म्हणत कॅमेऱ्यासकट गोणी खांद्यावर घेतली!

फोटोत चंद्र वांग्यासारखा लांब. सर म्हणाले, “मॉडर्न आर्ट!”

*

“मावशी, पुनवंचा लई भारी निघालाय!” म्हणत बबन आला. बघते तर पांढरी थाळी.

“डाग कुठं गेले रे?”

“काढले ना कंप्युटरवर! नवरीच्या तोंडावरचे काढतो तसे. गिऱ्हाईक नाराज व्हाया नको.”

“आरं, हितं गिऱ्हाईक कोन हाय?”

बबननं आभाळाकडं बोट केलं.

*

संकष्टीला शेजारची सुमन सकाळपासून उपाशी आणि आभाळ गच्च भरलेलं. ढगाच्या फटीत मला लेन्समधून क्षणभर चंद्र सापडला, मी टिपला. सुमननं कॅमेऱ्याच्या स्क्रीनलाच ओवाळलं आणि जेवायला गेली.

पुढच्या संकष्टीला माझ्या गच्चीवर ताटं घेऊन नऊ जणी! वरून पाऊस. मी म्हटलं, “आज चंद्र न्हाई बायांनो.”

मागून एक म्हणाली, “मागच्या म्हयन्यातला शिल्लक आसंल तर त्योच दाखवा की. लई भूक लागलीय!”

*

तर सर ऐकेनात. दिवसा चंद्र दिसतो हे अंगणात नेऊनच दाखवलं असतं, पण त्या दिवशी नेमकी अमावास्या!

सरांनी आपला फोटो टेबलावर ठेवला. गावच्या पाण्याच्या टाकीपाशी गोल चंद्र, एकेक डाग ठसठशीत. “तुमच्या त्या तोफेएवढ्या लेन्सची गरजच नाही, बाई! माझा नवा फोन गोल उजेड दिसला की चंद्र ओळखतो, डागसुद्धा आपला आपण भरतो!”

वाचनालयाचे ग्रंथपाल खिळा-हातोडी घेऊन सरांच्या फोटोकडं वळले.

मी चष्मा पुसला आणि फोटो जवळ ओढला. टाकीची लोखंडी शिडी खालून वर निघालेली, मध्येच चंद्राआड गेलेली आणि चंद्राच्या वर पुन्हा सुरू झालेली.

मी म्हटलं, “सर, माझा चंद्र नुसता दुपारी उगवलाय, तुमचा तर टाकीच्या अलीकडं उगवलाय!”