अंबडहून मेडे

हसनाबादच्या तातेरावांची लेक बेबीनंदा अंबडच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पन्नाशीला टेकल्यावर तिनं परीक्षा देऊन, घरबसल्या जगभर बोलता येतं त्या हौशी रेडिओचं लायसन मिळवलं आणि गच्चीवरून लिंबाच्या झाडापर्यंत एरियलची तार ताणली.

एका रविवारी सकाळी शेजारचे बद्रीनाथ पक्कड घेऊन गच्चीवर आले. "बाई, आमचा टीव्ही खरखर करून राह्यलाय. आज मी ही तार तोडणार."

हेडफोन लावून बसलेल्या बेबीनंदानं नुसता हात वर केला. तिच्या कानात एक बाई ओरडत होती, "मेडे! मेडे!" बुडत्या जहाजानं मदतीसाठी द्यायची ही हाक. अरबी समुद्रात एका शिडाच्या नावेची डोलकाठी मोडली होती, आत पाणी भरत होतं. नावेवर चार माणसं. शॉर्टवेव्हचा आवाज आभाळाला धडकून लांब जाऊन पडतो. जवळचा किनारा ओलांडून तो थेट अंबडला उतरला होता. दुसरं कुणीच उत्तर देत नव्हतं. बेबीनंदानं दिलं. नावेच्या ठावठिकाण्याचे, अक्षांश-रेखांशाचे आकडे वहीत टिपून घेतले आणि किनाऱ्यावरच्या बचाव केंद्राला फोन लावला.

"कुठून बोलताय?"

"अंबड, जिल्हा जालना."

"मॅडम, तिथं समुद्र कुठाय?"

"समुद्र न्हाई, पण ऐकणारी मी हाय. आकडे लिहून घेता, का साहेबांना फोन देता?"

साहेब फोनवर आले. तेवढ्यात बद्रीनाथांचा हात तारेकडे गेला.

"खबरदार!" ती कडाडली. "चार जीव हायेत ह्या तारेवर."

बद्रीनाथ थबकले. "मंग मी काय करू?"

"हा फोन धरा. बंद पडू देऊ नका."

केंद्रानं एक मालवाहू जहाज तिकडं वळवलं. पण नाव वाहवत चालली होती, जहाजाला ती सापडेना. एका कानानं नावेचे नवे आकडे ऐकायचे, बद्रीनाथांनी धरलेल्या फोनात ते सांगायचे, असे दोन तास गेले. तिचा घसा बसला. "तुम्ही थोडं थांबा, आम्ही बघतो," साहेब म्हणाले.

"ती बाई बोलायची थांबली की मी थांबते."

अखेर "जहाज दिसलं!" असं ऐकू आलं आणि आवाज तुटला. अर्ध्या तासानं साहेबांनी सांगितलं, चौघंही जहाजावर सुखरूप आहेत. बद्रीनाथांनी डोळे पुसले.

महिन्याभरानं बचाव केंद्राचं आभाराचं पत्र आलं. वर छापलं होतं, 'श्री. बेबीनंदा तातेराव'. तिनं लाल पेनानं 'श्री.' खोडून 'श्रीमती' लिहिलं आणि पत्र परत पाठवलं: दुरुस्त करून पाठवा.