थांब, पाहून सांगतो

दीड महिना झाला. रिसोडच्या स्टँडवरून फोन आला तेव्हा मी वर्गावर होते. शेवंताबाई, तुमचे बाबा सकाळपासून बाकड्यावर बसून होते, उन्हानं पडलेत, निघा... मंगरूळपीरहून मी पोचेपर्यंत बाबा गेले होते. ते माझ्याकडेच यायला निघाले होते. माझ्या गावची गाडी त्या दिवशी त्यांच्यासमोरून तीनदा सुटली.

याच स्टँडवर बाबांनी एकतीस वर्षं कंट्रोलर म्हणून काढली. कोणती गाडी कधी सुटते, कुठल्या फाट्यावर थांबते, सगळं तोंडपाठ. पोहरादेवीच्या यात्रेच्या जादा गाड्यासुद्धा. वेळापत्रकाच्या पाटीकडे कुणी बघायचंच नाही, बाबांना विचारायचे. रिटायर झाल्यावरही लोक घरी फोन करत.

मोबाइल मीच दिला. टायपिंग जमेना म्हणून बोलून कसं विचारायचं तेही शिकवलं. आणि काय सांगू, म्हातारा असा रमला! सोयाबीनचा भाव, तिथी, कुणाच्या गुडघ्याचं औषध... काहीही विचारा, "थांब, पाहून सांगतो" म्हणायचे आणि बरोबर सांगायचे. नेटनं माणसाची बुद्धी गंजते की वाढते, यावर आमच्या स्टाफरूममध्ये वाद चालायचा. मी ठणकावून सांगायची, माझ्या बापाकडे बघा, पंच्याहत्तरीत डोकं आणखी तल्लख झालंय.

गेलं वर्षभर ते मला शेवंता म्हणत नव्हते, नुसतं "माय" म्हणायचे. मला वाटायचं, वय झालं की बापाची माया उतू जाते. एकदा मात्र त्यांनी वार सांगायलाही मोबाइल काढला, तेव्हा मी चिडले. म्हटलं, बाबा, एवढंसं पन नेटले विचारता? डोकं वापरा ना जरा. ते मोबाइलकडे बघत म्हणाले, "माय, हे हाय म्हणून चालून राह्यलं..." मी हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते.

विसरण्याचा आजार असावा, दोनेक वर्षांचा, असं बाबा गेल्यावर माझ्याकडून सगळं ऐकून डॉक्टर म्हणाले. मोबाइलनं बाबांना सावरलं, की त्यांचा आजार आमच्यापासून झाकून ठेवला? मला ठरवता येत नाही. त्यानं त्यांची अब्रू राखली, एवढं खरं. त्या दिवशी तो खिशातच होता, चार्जिंग संपलेला. ज्या माणसाला सगळं गाव गाडी विचारायचं, त्यानं त्याच स्टँडवर कोणत्या तोंडानं कुणाला विचारायचं?

तेरवीनंतर मी तो चार्जिंगला लावला. बाबांनी बोलून विचारलेलं सगळं ओळीनं उमटलेलं होतं. आज कोणता वार. मंगरूळची गाडी कुठं लागते. आणि मग, माह्या पोरीचं नाव काय हाय. तोच प्रश्न पुन्हा, पुन्हा, पुन्हा... शेवटचं पान तसंच उघडं राहिलं होतं. मुलींची गोड नावं, अर्थासहित. बाबा त्यात मला शोधत होते.

मी ती यादी शेवटपर्यंत वाचली. शेवंता त्यात नाही. आता कुणी पोरीचं नाव शेवंता ठेवत नाही.