बटणांच्या जागा

आमच्या लॉरीवर दगड पडला तो हरताळाच्या दिवशी. बाबांनी आदल्याच संध्याकाळी मागच्या लाकडी फाळक्यावर गेरूने ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं माझ्याकडून लिहून घेतलं होतं आणि लॉरी घोडपदेवच्या वखारीसमोर उभी करून ठेवली होती. तरी दगड आलाच. तो पोलिसांवर टाकलेला की आमच्यावर, यावर चाळीत महिनाभर वाद घातला लोकांनी. कुणाचा का असेना, समोरची काच फोडून तो बरोबर बटणांमध्ये येऊन बसला. पाच बटणांतली तीन गेली. काच दुसऱ्याच दिवशी बसवून घेतली, बटणं राहिली.

लॉरी लढाईतली, लष्कराच्या लिलावातून आलेली. गिरणीत मागाच्या साच्यावर उभं राहून राहून बाबांना खोकला लागला, तेव्हा गिरणी सोडून त्यांनी ती घेतली होती. दहा-बारा वर्षं गोदीपासून परळपर्यंत कापसाच्या गाठी वाहिल्या. आता आठ दिवसांवर पासिंग आलं होतं. मोटार तपासणीच्या साहेबांनी पास केली नाही तर लॉरी उभी. आणि लॉरी उभी म्हणजे बाबा काळाचौकीच्या आमच्या खोलीबाहेर गॅलरीत बसलेले. त्या माणसाला नुसतं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि पाहायचंही नव्हतं.

मी गिरणीत वायरमन. नऊशे दिव्यांचं खातं सांभाळणारा मी, पाच बटणांसाठी मेकॅनिककडे जाऊ? बाबांना म्हटलं, “तुम्ही बघाच.” झालं! करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

बाबांनी एवढंच सांगितलं, “मोडलेली तीन बदल. दुसऱ्यांक हात लावू नको. आणि जागो बदलू नको.”

आता त्या जागा म्हणजे काय, तर निव्वळ आनंद. हेडलाइटचं बटण खाली दाराजवळ, एकटंच. वायपरचं वर, काचेला लागून. हॉर्नचं स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला, आणि बाकीची दोन अशी तिरकी की बसवणारा चालत्या गाडीत बसवत होता असं वाटावं. हेडलाइटच्या बटणाच्या दांडीला काळा दोरा गुंडाळलेला, वायपरच्या दांडीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. “हे काय, नजर लागू नये म्हणून?” मी विचारलं. बाबा म्हणाले, “असू दे.”

चार दिवस मी चोरबाजार पालथा घातला. तसली दांडीची बटणं मिळेनात. एकाकडे मिळाली ती गंजलेली, दुसऱ्याने दाखवली ती रेडिओची निघाली. गिरणीतून सुटलो की चोरबाजार, तिथून घोडपदेव, आणि मग त्या केबिनमध्ये उताणा पडून वायरी शोधायच्या. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या, म्हणजे मळाच्या. एक धरली की हॉर्न बोंबलायचा आणि वखारीतले लोक हसायचे. माझं डोकं असं फिरलं की सांगता सोय नाही. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याला एकदा त्या लॉरीखाली घालायला हवा होता!

पाचव्या दिवशी मी ठरवलं, खड्ड्यात गेल्या त्या जागा. सागाची फळी घेतली, तिच्यावर घरात असतात तसली काळी गोल बटणं, पाचही एकसारखी, एका रांगेत बसवली. वर पांढऱ्या रंगाने एकेकाचं नाव लिहिलं. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं. मग फळीला वार्निश मारलं. दोरा नि ट्यूबचा तुकडा गटारात टाकला.

पासिंगच्या आदल्या दिवशी बाबा बघायला आले. केबिनमध्ये चढले आणि हात पुढे केला. मी ओरडलो, “बाबा, हात नको! वार्निश ओलं आहे.”

हात तसाच थांबला. “जागो बदललंस?”

“बदलल्या. वर लिहिलंय की सगळं. आंधळ्यालासुद्धा कळेल.”

“बरा,” बाबा म्हणाले आणि उतरले. मला वाटलं, आवडलं त्यांना.

सकाळी मी रजा टाकून त्यांच्याबरोबर गेलो. साहेब मराठी माणूस, फाळक्यावरचं वाचून गालात हसले. ब्रेक बघितला, टायर बघितले. मग दाराशी उभे राहून म्हणाले, “हेडलाइट लावा.”

बाबांचा हात खाली दाराजवळ गेला. तिथे काही नव्हतं. मग फळीवर आला. वायपर फिरायला लागला.

“हेडलाइट म्हणालो.”

हॉर्न वाजला. मी दात-ओठ खात खाली उभा. चार दिवस राबलो, एवढं सोपं करून दिलं, तरी या माणसाला पाच बटणं समजू नयेत? “बाबा, वाचा ना! समोर लिहिलंय!” मी सगळ्यांदेखत खेकसलो.

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. मग बाबांना खाली उतरवलं, दहा पावलं मागे गेले आणि हात वर केला.

“किती बोटं?”

“चार,” बाबा म्हणाले.

दोन होती.

साहेबांनी आवाज चढवला नाही. लॉरी पास केली, दिवे सगळे ठीक होते. लायसन मात्र ठेवून घेतलं. म्हणाले, “मोतीबिंदू आहे, काका. उद्या कुणाच्या पोरावर घालाल.” काय चूक होतं त्यांचं? काहीच नाही. म्हणूनच जास्त संताप आला. लॉरी वखारीच्या ड्रायव्हरने परत आणली. बाबा त्याच्या शेजारी बसले होते, हमालासारखे.

घरी आईला सांगायला तोंड उघडलं, तर तिने आधीच विचारलं, “दोरा काढलास?”

म्हणजे हिला ठाऊक होतं. हिनेच गुंडाळला होता. मी दोघांवर मिळून ओरडलो, “मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलंय,” बाबा म्हणाले. “जागो बदलू नको म्हणून.”

दुसऱ्या दिवशी गिरणीतून सुटल्यावर मी ती फळी उखडली. काळी बटणं एकेक करून जुन्या जागी बसवली, दाराजवळ, काचेला लागून, तिरकी ती तिरकीच. आईकडून दोरा आणला होता, तो हेडलाइटच्या बटणाला गुंडाळला. कुणाला उपयोग होता त्याचा? ड्रायव्हर शिव्याच घालणार होता. तरी बसवली आणि बाबांना बोलावून आणलं.

दिवेलागणीची वेळ. लॉरीचं तोंड वखारीच्या चुन्याच्या भिंतीकडे होतं. बाबा चढून बसले. हात खाली गेला, दोऱ्यावर टेकला आणि खटका पडला. पहिल्या झटक्यात, न चाचपडता. समोरची अख्खी भिंत पिवळीधमक उजळली.

बाबा भिंतीकडेच बघत होते.

“लागले काय रे?” त्यांनी विचारलं.