डाव्या हाताची तलवार

सन दोन हजार चोवीस, माझं वय पंच्याहत्तर, आणि तोवर माझं म्हणणं एकदाही चुकलेलं नव्हतं. (शाळा दुसरीपर्यंत. मास्तर फार चुकायला लागले म्हणून सोडली.)

मी नऊ वर्षांचा असताना आमच्या पुसेगावात तंबूतला सिनेमा आला होता, तलवारबाजीचा. त्यातला सरदार डाव्या हातानं तलवार चालवायचा, डावी मिशी पिळायचा. तेव्हापासून मी काठी डाव्या हातात धरतो, अन् मिशी फुटल्यावर डावीच पिळली. आता डावी बाजू आभाळाकडं बघते, उजवी जमिनीकडं! "एकटा गेलतो, बाप्या माणसांत, पहिल्या रांगेत बसलो!" हे मी इतक्यांदा सांगितलंय की पारावरच्या कुत्र्यालाही पाठ आहे.

फक्त माझा बालमित्र गफूर मानायचा नाही. "तलवार उजव्या हातात होती, किसन्या. मी बी होतो तिथं."

दिवाळीला हिंगोलीहून नात आली. "आबा, तुमचा सिनेमा सापडला! टीव्हीवर लावू?"

"लाव. अन् गफूरला बोलव!"

गफूर दारात दिसताच मी गरजलो, "उजवा हात निघाला तर मिशी सफाचट करीन!"

"दोन्ही बाजू?"

"दोन्ही!"

सरदार घोड्यावरून उतरला. तलवार उपसली. उजव्या हातानं! वर उजवी मिशी पिळली!

"टीव्ही बिघडला," मी म्हणालो.

नातीनं बंद करून पुन्हा लावला. सरदार पुन्हा उतरला. पुन्हा उजवा!

"ह्यो त्याचा भाऊ असंल."

"आबा, तोच आहे."

"मग म्हातारपणी हात बदलला असंल."

"सिनेमातला माणूस म्हातारा नाही होत, आबा!"

"वस्तरा आणू?" गफूरनं विचारलं.

तेवढ्यात बायको पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "काहून छळून राहिले त्यायला? मी बी लहानपणी कळमनुरीला ह्योच सिनेमा पाहिला. तलवार डाव्याच हातात होती."

पन्नास वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिनं माझी बाजू घेतली! मी उभा राहिलो. डावी मिशी पिळली. "ऐकलं का, गफूर?"

"भाभी," गफूर हळूच म्हणाला, "तुमी बसल्या कुठं होत्या?"

"बायांत. बाप्ये पडद्याच्या म्होरं, बाया मागं. तवा तसंच होतं न्हाई का? मागून समदं उलटंच दिसायचं."

टीव्हीवर सरदाराचा घोडा खिंकाळला.

"मग आबांना डावा कसा दिसला?" नातीनं विचारलं. (एवढं शिकवायला नको होतं तिला.)

"या अल्ला!" गफूर मांडीवर थाप मारत ओरडला. "मी म्होरं बसून तुला धुंडून राहिलो होतो, अन् तू बायांत!"

"मायच्या मांडीवर!" बायको.

(साफ खोटं. शेजारी बसलो होतो. पदर तेवढा धरला होता.)

"मिशीचं उद्या सकाळी बघू," म्हणून मी उठलो.

सकाळी गफूर वस्तरा घेऊन हजर! मी भिंतीवरचा आरसा काढला, टीव्हीकडं पाठ करून बसलो, आरसा तोंडासमोर धरला अन् नातीला म्हणालो, "लाव."

आरशातल्या सरदारानं बराबर डाव्या हातानं तलवार उपसली.

"बघ! वाचली मिशी!"

"वाचली," बायको चहा ठेवत म्हणाली. "पण बसले पुन्हा बायांच्याच बाजूला."

मी सिनेमा शेवटपर्यंत तसाच, आरशातच पाहिला. तिकडूनच चांगला दिसतो.