पाकिटासकट ठेवा

आमच्या घरात कुठलीही वस्तू पाकिटात राहत नाही. रवा आला की पाकीट कापून डब्यात, डाळ डब्यात, हिंगसुद्धा एका डबीतून दुसऱ्या डबीत. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत हा माझा लौकिक आहे आणि तो मी कष्टाने मिळवला आहे.

गेल्या वर्षी ह्यांच्या आतड्याचा बराच भाग काढावा लागला. तोंडाने खाल्लेलं पचेना, म्हणून डॉक्टरांनी शिरेतून द्यायचं अन्न सुरू केलं. एका मोठ्या पिशवीत तीन कप्पे: साखरेचं पाणी, प्रथिनं आणि दुधासारखं पांढरं तेल. घरी सोडल्यावर रोज संध्याकाळी एक सिस्टर येऊन पिशवी लावून देणार होत्या. माझ्या स्वयंपाकघराला कामच उरलं नाही. स्वतःपुरतं पिठलं करायचं आणि ओट्याशी उभ्याने खायचं, दार लावून. ह्यांना वास जायला नको.

त्यामुळे पिशव्यांचं खोकं आलं, तेव्हा मला किराणा आल्यासारखा आनंद झाला. कपाट पुसलं, कात्री घेतली आणि प्रत्येक पिशवीवरचं जाड पाकीट कापून काढलं. आत एकेक छोटी पुडी निघाली, नव्या पर्समध्ये असते तसली. तीही फेकली. पिशव्या ओळीने लावल्या.

संध्याकाळी सिस्टरांनी कपाट उघडलं.

"काकू, पाकिटं कधी काढलीत?"

"आत्ता दुपारी. छान दिसतंय ना?"

"दिसतंय छान. आजची तेवढी लावते. बाकीच्या टाकून द्याव्या लागतील."

आतल्या पिशवीच्या प्लास्टिकमधून हवा हळूहळू शिरते म्हणे. बाहेरचं पाकीट तिला अडवतं, उरलीसुरली ती पुडी शोषून घेते. दोन्ही गेलं की तेल खराब व्हायला लागतं. कचऱ्यातून पाकीट काढून पाहिलं, तर हे सगळं ठळक अक्षरांत छापलेलं. सूचना मी वाचतेच, पण पाकीट रिकामं झाल्यावर.

"नशीब," हे पलंगावरून म्हणाले, "मला कापून डब्यात नाही भरलंस."

नवं खोकं येईपर्यंत ह्यांना नुसत्या ग्लुकोजवर काढावं लागलं. कुशीवर वळतानाही त्यांना दम लागायचा. मला माझ्या हातांची भयंकर लाज वाटत होती. माणूस आधीच अर्धा झालेला, आणि त्याच्या तोंडचा घास मी टापटिपीपायी घालवला.

नवं खोकं आलं, तेव्हा मी त्याला बोटही लावलं नाही. संध्याकाळी सिस्टरांनी त्यातली एक पिशवी काढली आणि वरचं पाकीट फाडायला घेतलं.

"थांबा," हे म्हणाले, "तिला फाडू द्या."

"अहो, मी नको. माझा काय भरवसा!"

"द्या हो तिच्याकडे. तिच्या हातचं असलं की मला अंगी लागतं."

माझे डोळे भरून आले होते, त्यामुळे पाकीट वाकडंच फाटलं.